गुंड्याची महिन्याची गोळी

ह्यूस्टनला कुत्रा घेतला की लोक जात विचारत नाहीत, वय विचारत नाहीत, चावतो का तेसुद्धा विचारत नाहीत. पार्कात पहिली ओळख झाली की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो, हार्टवर्मला काय देता? मी सांगलीची, आमच्या वाड्यात कायम कुत्री असायची, पण हार्टवर्म हा शब्द मी इथे येईपर्यंत कानांनी ऐकला नव्हता. तिकडे कुत्र्याचे शत्रू ठरलेले, एक नंबर गोचीड, दोन नंबर पिसवा, मग पोटातले जंत, आणि चौथा म्हणजे गल्लीतला दुसरा कुत्रा. हृदयात जंत होतात म्हटल्यावर मला आधी वाटलं यांना काहीतरी विकायचंय.

विकायचं असतंच म्हणा, पण प्रकार खरा आहे. आणि तो एकदा नीट समजला ना, की कुठलं औषध घ्यायचं हा प्रश्न निम्मा सुटतो, म्हणून आधी तेवढं सांगते, मग ब्रँडकडे येते.

हे जंत एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे थेट जात नाहीत, मध्ये डास लागतो. आजारी कुत्र्याच्या रक्तात बारीक अळ्या फिरत असतात, डास चावला की त्या त्याच्या पोटात जातात, उकाडा असेल तर दोनेक आठवड्यांत तिथे तयार होतात, आणि तोच डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की त्याच्या कातडीखाली उतरतात. तिथून स्नायूंतून वगैरे प्रवास करत सहा-सात महिन्यांनी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयात पूर्ण वाढलेले जंत. मादी जवळजवळ फूटभर लांब होते. क्लिनिकमध्ये काचेच्या बरणीत एक हृदय ठेवलेलं असतं, त्यातून शिजवलेल्या शेवयांसारखे ते बाहेर लोंबत असतात, मी त्यानंतर बरेच दिवस खीर केली नाही. ५ ते ७ वर्षं जगतात म्हणे एकेक. कुत्रा सुरुवातीला अगदी ठणठणीत दिसतो, मग हलका खोकला, मग फिरायला नेलं की दमतो, आणि तोपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

टेक्सास, लुईझियाना, मिसिसिपी हा सगळा पट्टा म्हणजे या जंतांचं माहेर. दमट हवा, जिकडेतिकडे साचलेलं पाणी, डास जवळपास बारा महिने. २००५ मध्ये कतरिना वादळ झालं तेव्हा लुईझियाना-मिसिसिपीमधली हजारो कुत्री उचलून देशभर नेऊन दत्तक दिली, त्यांच्याबरोबर हा आजारही गेला. म्हणजे आता उत्तरेतल्या थंड राज्यांतले डॉक्टरसुद्धा हार्टवर्मची टेस्ट करतात. आणि आम्ही तर मुळातच खाडीकाठी राहतो, २०१७ च्या हार्वी वादळात आमच्या भागात किती पाणी होतं ते बातम्यांत सगळ्यांनी बघितलंच असेल.

आता मुद्द्याचं. दर महिन्याला जी हार्टवर्मची गोळी देतात ती पुढच्या महिन्याचं संरक्षण करत नाही. ती मागच्या महिन्याची सफाई करते. म्हणजे १ जुलैला दिलेली गोळी जूनमध्ये डासांनी सोडलेल्या अळ्या मारते, जुलैमध्ये सोडतील त्यांचं काम १ ऑगस्टच्या गोळीने करायचं. गोळी पोटात गेली, आपलं काम केलं आणि शरीरातून निघून गेली, महिनाभर पहारा देत बसत नाही. मी हे पार्कात कितीतरी जणांना सांगितलंय आणि प्रत्येक जण आधी नाही म्हणतो, मग फोनवर बघतो, मग गप्प होतो.

यावरून बाकी सगळं आपोआप कळतं. महिनाच का, तर अळ्या लहान असतात तोवरच औषधाला दाद देतात, दीड-दोन महिने उलटले की त्या अर्धवट मोठ्या होतात आणि मग गोळीने मरत नाहीत आणि मोठ्या जंतांवरच्या इंजेक्शनलाही नीट दाद देत नाहीत, म्हणजे मधल्या मध्ये सुटतात. डास संपले म्हणून नोव्हेंबरला गोळी बंद करायची नाही, कारण शेवटचा डास गेल्यावरही त्याच्या अळ्यांची गोळी बाकी असते. डिसेंबरमध्ये इथून भारतात कायमचे परत चाललात तरी एक गोळी विमानातून उतरल्यावर द्यायची. आणि गोळी द्यायची राहिली तर "आता पुढच्या तारखेलाच देऊ" असं नाही करायचं, आठवेल त्या क्षणी द्यायची आणि डॉक्टरला सांगून सहा महिन्यांनी टेस्ट करायची.

पिसवांचं औषध याच्या बरोबर उलट चालतं. ते रक्तात आणि कातडीत राहतं, महिनाभर, काही काही तर १२ आठवडे, आणि पिसू किंवा गोचीड चावली की ती मरते. म्हणजे हे पुढे बघणारं औषध आणि ते मागे बघणारं, आणि कंपन्यांनी दोन्ही एकाच गोळीत घातलीत, म्हणून सगळ्यांचा गोंधळ होतो. पिसवांच्या गोळीला चार दिवस उशीर झाला तर चार दिवस खाज, फार तर घरात अंडी पडतील. हार्टवर्मच्या बाबतीत हयगय करत राहिलात तर थेट हृदयाशी गाठ. एकाच पाकिटात आहेत म्हणून दोन्ही सारखंच महत्त्वाचं असं नाही.

तर गुंड्या. वय तीनच्या आसपास, वजन ४३ पौंड, जात काय ते देवालाच माहीत, तोंड लॅब्राडॉरसारखं, शेपटी कुणाचीतरी उसनी आणलेली. शेल्टरमधून घेतला तेव्हा हार्टवर्मची टेस्ट निगेटिव्ह होती, तरी डॉक्टरने सहा महिन्यांनी परत करायला लावली. कारण ती रक्ताची टेस्ट मोठ्या झालेल्या मादीचं प्रथिन पकडते, नुकत्याच शिरलेल्या अळ्या तिला दिसत नाहीत. आणि टेस्टशिवाय इथे औषधाची चिठ्ठी मिळत नाही, त्यावर बरेच देशी लोक चिडतात, की पैसे उकळतात म्हणून. पण आत आधीच जंत असतील, रक्तात अळ्या भरपूर असतील आणि आपण गोळी दिली तर त्या एकदम मेल्यावर कुत्र्याला जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते, त्यामुळे टेस्ट आधी. लहान पिल्लांना मात्र टेस्ट न करता सुरू करतात, सहा महिन्यांच्या आत जंत मोठेच झालेले नसतात ना.

आता दुकान मांडते. सगळ्यात जुनं म्हणजे हार्टगार्ड, त्यात आयव्हरमेक्टिन, १९८७ पासून आहे. आयव्हरमेक्टिन म्हणजे तेच, जपानमधल्या एका गोल्फ कोर्सजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून निघालेलं, ज्यासाठी कॅम्पबेल आणि ओमुरा यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं, माणसांच्या आजारांवर केलेल्या कामासाठी, कुत्र्यांच्या नाही, पण कुत्र्यांनाही फायदा झालाच. हार्टगार्ड प्लसमध्ये पायरँटेल पण असतं, त्याने पोटातले गोल जंत आणि हुकवर्म जातात. पिसवांवर मात्र शून्य. इंटरसेप्टर प्लस, त्यात मिल्बेमायसिन आणि जोडीला प्राझिक्वांटेल, पोटातले जास्त प्रकारचे जंत मारतं, अगदी टेपवर्मपण, पिसवांवर तेही शून्य. मग आल्या ऑल-इन-वन गोळ्या, सिम्पॅरिका ट्रायो २०२० मध्ये, नेक्सगार्ड प्लस २०२३ मध्ये, क्रेडेलिओ क्वाट्रो २०२४ मध्ये. तिन्हींत हार्टवर्मसाठी मॉक्सिडेक्टिन आहे, पिसवा-गोचिडांसाठी प्रत्येकाचं वेगळं पण एकाच कुळातलं औषध आहे, पायरँटेल आहेच, आणि क्वाट्रोमध्ये वर टेपवर्मचं औषध. गोळी नको असेल तर मानेवर टाकायचे थेंब, ॲडव्हांटेज मल्टी नाहीतर रिव्होल्युशन. आणि ज्यांना तारीख लक्षात राहत नाही त्यांच्यासाठी इंजेक्शन, प्रोहार्ट ६ सहा महिन्यांचं, प्रोहार्ट १२ वर्षाचं, त्यात मॉक्सिडेक्टिनचे बारीक कण कातडीखाली हळूहळू सुटत राहतात. प्रोहार्ट ६ हे २००४ मध्ये दुष्परिणामांच्या तक्रारींमुळे अमेरिकेत बाजारातून काढलं होतं आणि २००८ मध्ये परत आलं, त्यामुळे जुने कुत्रेवाले अजून त्याच्याकडे जरा तिरक्या नजरेने बघतात.

माझं मत विचाराल तर यातलं सगळ्यात चांगलं कोणतं हा प्रश्नच चुकीचा आहे. हार्टवर्मच्या बाबतीत यातलं कुठलंही वेळेवर दिलं तर काम करतं. मिसिसिपी नदीच्या खालच्या भागात औषधाला न जुमानणारे जंत सापडलेत हे खरं, पण डॉक्टर सांगतात की जंत झाले बहुतेक वेळा कारण गोळी चुकली होती, किंवा कुत्र्याने सोफ्यामागे थुंकली होती. तेव्हा निवडायचं कशावरून, तर आपल्या घरावरून आणि आपल्या कुत्र्यावरून.

मी कशावरून निवडलं ते सांगते, हसू नका. वजनावरून. पाकिटं वजनाच्या गटांत मिळतात, सिम्पॅरिका ट्रायोचा एक गट ४४ पौंडांना संपतो आणि पुढचा ४४.१ ला सुरू होतो. गुंड्या ४३. आणि उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार. आई त्याला रोज तूप लावलेल्या पोळीचा शेवटचा तुकडा घालणार हे लिहून ठेवा, म्हणजे जूनमध्ये सहा महिन्यांचं पाकीट घ्यायचं आणि ऑगस्टमध्ये तो गटाबाहेर. नेक्सगार्ड प्लसचा गट ३३ ते ६६, त्यात तो मधोमध बसतो, आई सहा महिने राहिली तरी. झालं, नेक्सगार्ड प्लस. किमतीत फार फरक नव्हता, महिन्याला साधारण तीस डॉलरच्या आसपास जातातच, आणि कंपनीच्या रिबेटचा फॉर्म भरायचा आळस केला नाही तर थोडे परत येतात.

दुसरी गंमत म्हणजे चव. हार्टगार्डची गोळी खऱ्या बीफची असते, बाकीच्यांनाही बीफचा, लिव्हरचा नाहीतर चिकनचा वास असतोच. आमच्या ओळखीत एक काकू आहेत, त्या गोळी चिमट्याने धरून देतात आणि मग चिमटा आणि हात दोन्ही धुतात, कुत्रा मात्र महिन्यातून एकदा त्यांच्यावर प्रचंड खूश. ज्यांना हे अजिबात नको त्यांनी डॉक्टरला स्पष्ट सांगावं, लाजायचं काही नाही, थेंबांचा पर्याय आहे. थेंब टाकले की लगेच अंघोळ नाही आणि लहान मुलांनी लगेच कुरवाळायचं नाही एवढंच.

गमतीचा नाही असा भाग म्हणजे फिट्स. पिसवा-गोचिडांच्या या नव्या गोळ्यांचं जे कुळ आहे, नेक्सगार्ड, सिम्पॅरिका, ब्राव्हेक्टो, क्रेडेलिओ, त्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये सूचना काढली होती की काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं, फिट येणं असे त्रास झालेत. बाजारातून काढली नाहीत, बहुतेक कुत्र्यांना चालतात असंच म्हटलंय, पण ज्याला आधी कधी फिट आली असेल त्याच्याबाबत डॉक्टरशी बोलूनच. फेसबुकवर या विषयावर दोन पक्ष आहेत, एक म्हणतो हे विष आहे, दुसरा म्हणतो काही होत नाही, आणि दोघांनाही तुमचा कुत्रा माहीत नाही. आमच्या शेजारच्या बीगलला फिट्स येतात, त्याला म्हणून इंटरसेप्टर वेगळं आणि पिसवांसाठी वेगळे थेंब देतात. त्यांच्या घरात मांजर आहे म्हणून थेंब निवडतानाही बघावं लागलं, कारण कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला जिवावर बेतू शकतं, कुत्र्याला चाटलं, त्याला चिकटून झोपलं तरी. मांजरवाल्यांनी पाकिटावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा.

कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या कुळातल्या कुत्र्यांना एका जनुकातल्या बदलामुळे आयव्हरमेक्टिन जास्त डोसमध्ये बाधतं, थेट मेंदूपर्यंत जातं. हार्टवर्मच्या गोळीतला डोस इतका कमी असतो की तो त्यांनाही चालतो. पण इथे फार्म सप्लायच्या दुकानात घोड्यांची आयव्हरमेक्टिन पेस्ट मिळते, स्वस्त, चिठ्ठी लागत नाही, आणि काही शहाणे ती बोटाने कुत्र्याला चाटवतात. हिशोब करून बघा, हार्टगार्डची गुंड्याच्या वजनाची गोळी म्हणजे १३६ मायक्रोग्रॅम, आणि घोड्याच्या एका ट्यूबमध्ये शंभर मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे आठशे गोळ्यांचा ऐवज एका ट्यूबमध्ये, आणि तुम्ही तो "अंदाजे" वाटाण्याएवढा काढणार. नको रे बाबा.

उपचाराचा खर्च बघितला की गोळी महाग वाटत नाही. जंत झालेच तर आधी महिनाभर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, मग काही आठवडे थांबून मेलार्सोमिनची इंजेक्शनं, एक, त्यानंतर महिन्याने लागोपाठ दोन दिवस दोन, पाठीच्या स्नायूत खोल, दुखणारी. ते आर्सेनिकचं औषध आहे. आणि सगळ्यात कठीण भाग म्हणजे या काळात कुत्र्याला कित्येक महिने पळू द्यायचं नाही, उड्या नाहीत, बॉल नाही, फक्त पट्ट्यावर शू-शीपुरतं, कारण मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसात अडकतात. खर्च हजार डॉलरच्या वर सहज. शेल्टरमधले स्वयंसेवक असे कुत्रे घरी सांभाळतात, त्यांना माझा दंडवत, आमचा गुंड्या पोस्टमन दिसला की जमिनीवर नसतोच.

पिसवांचं जरा बोलते कारण त्यांच्याबद्दल तक्रार सगळ्यांची एकच, गोळी देऊनही पिसवा आहेतच, म्हणजे गोळी बोगस. नाही हो. अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याच्या जेमतेम ५ टक्के, बाकी अंडी, अळ्या, कोष, सगळं तुमच्या कार्पेटमध्ये, सोफ्याच्या खाचेत, त्याच्या गादीत. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते आणि ती टपाटप खाली पडतात. कोषातल्या पिसवेवर औषध चालत नाही, ती आत आठवडेच्या आठवडे बसून राहते आणि माणसांची हालचाल जाणवली की बाहेर येते, कुत्र्यावर उडी मारते, चावते आणि मग मरते. ती तुम्हाला दिसली म्हणजे गोळी चाललीय. तीन महिने सलग गोळी, रोज व्हॅक्यूम, गादी गरम पाण्यात, एवढं केलं की संपतं. पिसवा आहेत की नुसती माती हे बघायचं असेल तर बारीक दातांच्या फणीने विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या टिश्यूवर ठेवा, लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आणि पिसू कुत्र्याने चावून गिळली की तिच्यातून टेपवर्म पोटात जातो, शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही हलताना दिसलं तर तेच ते.

हे सगळं ऐकून पुण्याच्या मावसबहिणीने मेसेज केला की येताना आमच्या ब्रुनोसाठी वर्षाच्या गोळ्या घेऊन ये. मी नाही म्हटलं. एक तर इथल्या चिठ्ठीचं औषध असं दुसऱ्यासाठी आणायचं नसतं, आणि मुख्य म्हणजे तिचा प्रश्न वेगळा आहे. पुण्यात ब्रुनोचा जीव घेईल ती गोचीड, डास नंतर. दोन वर्षांपूर्वी त्याला टिक फीवर झालाच होता, हिरड्या पांढऱ्या, प्लेटलेट्स खाली, जेवण बंद, मग महिनाभर डॉक्सी. बघा, इथे हार्टवर्मला तेच डॉक्सी, तिथे टिक फीवरला तेच डॉक्सी, कारण जंतांच्या आत राहणारा जिवाणू आणि टिक फीवरचा जिवाणू दोघं लांबचे भाऊबंद आहेत.

तिच्याकडे नेक्सगार्ड, सिम्पॅरिका, ब्राव्हेक्टो सगळं मिळतं, आणि नेक्सगार्ड स्पेक्ट्रा पण, त्यात मिल्बेमायसिन असतं म्हणजे हार्टवर्मचंही भागतं. तिच्या डॉक्टरने तेच लिहून दिलं. पण आपल्याकडची ती तपकिरी गोचीड पक्की घरभेदी असते, रक्त पिऊन झालं की कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, कुंडीखाली जाऊन बसते, तिथे एकेक मादी हजारोंनी अंडी घालते आणि पुढची पिढी न खाता महिनोन् महिने वाट बघू शकते. म्हणून नुसती गोळी देऊन चालत नाही, घरही बघावं लागतं. मावशी अजून सीताफळाच्या बिया वाटून लावायचं म्हणते, तो उवांचा जुना उपाय, पण ती पूड डोळ्यात गेली तर डोळा जाऊ शकतो, त्यामुळे ते नाहीच. घासलेट तर अजिबात नाही.

बहिणीने फटी बुजवून घेतल्या, बाल्कनीत पेस्ट कंट्रोल केलं, त्या दिवशी ब्रुनोला मावशीकडे ठेवलं, तरी पंधरा दिवसांनी त्याच्या कानात परत दोन गोचिड्या. मग लक्षात आलं की पार्किंगमध्ये जे तीन भटके झोपतात त्यांच्यावर मूठभर आहेत आणि ब्रुनो रोज त्यांना हुंगून येतो. आता तिचं म्हणणं आहे की त्या तिघांनाही सोसायटीच्या खर्चाने गोळी द्यायची, तिघांचं मिळून वर्षाचं जे काय होईल ते सगळ्या फ्लॅटमध्ये वाटायचं. सेक्रेटरी म्हणतात ज्यांच्याकडे कुत्रे आहेत त्यांनीच भरावं, दुसऱ्या मजल्यावरचे म्हणतात आधी भटक्यांना खाऊ घालणं बंद करा, आणि तळमजल्यावरच्या आजींनी कुणालाही न विचारता एकाच्या गोळीचे पैसे पाठवून दिलेत, फक्त तो काळा तिघांतला कुठला ते कळवा म्हणाल्यात.